अकराव्या दिवसाची साधना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४मध्ये २१ डिसेंबर हा दिवस 'जागतिक ध्यान दिन' म्हणून जाहीर केला. त्याच्या दहा वर्षे आधी, डिसेंबर २०१४मध्ये, याच सभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून स्वीकारला होता. एक दिवस दक्षिणायनाच्या आरंभाचा, दुसरा उत्तरायणाच्या आरंभाचा. भारताने जगाला दिलेल्या विद्येला जगाने वर्षातले दोन दिवस दिले, याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाच्या पाठोपाठ विवेकही यावा लागतो. ध्यान आज एक मोठी बाजारपेठ बनले आहे. डोंगरमाथ्यावरचे निवास, तीन दिवस-दोन रात्रींचे 'रिट्रीट', मालिश, सात्त्विक भोजन आणि पहाटेचे ध्यान असा एकत्रित दर सांगणाऱ्या जाहिराती मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचल्या आहेत. आठवडाभर ताण सोसायचा, सुट्टीत तो उतरवायचा आणि सोमवारी पुन्हा त्याच गाड्याला जुंपून घ्यायचे, असे हे चक्र आहे. यात शांतता विकत मिळते, पण माणूस बदलत नाही.

म्हणून ध्यानाविषयी विचारायचा खरा प्रश्न 'किती शांत वाटले' हा नसून 'त्यानंतर काय' हा आहे. ध्यानाला बसून उठलेला माणूस आपल्या घरात, कचेरीत, वस्तीत काय घेऊन परततो? हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी महाराष्ट्रात इगतपुरीसारखे दुसरे स्थान नाही.

टेकडीवरचे मौन

कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली की टेकडीच्या उतारावर सोनेरी पॅगोडा दिसतो. हेच धम्मगिरी. १९७६ साली येथे विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. शेजारीच दीर्घ शिबिरांसाठी धम्मतपोवन उभे आहे. या परंपरेची आज जगभर दोनशेहून अधिक केंद्रे असली, तरी तिचे माहेर इगतपुरीच. प्रस्तुत लेखकाला येथे दहा दिवसांचे शिबीर पूर्ण करण्याचा योग आला. संघ शिक्षा वर्गाची शिस्त ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना येथील पहाटेची घंटा परकी वाटणार नाही. मात्र तेथे दिवस गर्जना, गीत आणि संवाद यांनी भरलेला असतो. येथे तो केवळ मौनाने भरलेला असतो.

प्रवेश करतानाच भ्रमणध्वनी, पुस्तक, वही, लेखणी सारे जमा करायचे. पंचशीलाचा स्वीकार करायचा. मग 'आर्य मौन' सुरू होते. केवळ बोलायचे नाही एवढेच नव्हे, तर खाणाखुणा आणि नजरानजरही टाळायची. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या काळात दहा तासांहून अधिक वेळ मांडी घालून बसायचे असते. अकरा वाजता भोजन, सायंकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि थोडे फळ, जुन्यांना केवळ लिंबूपाणी. पहिले तीन दिवस 'आनापान', म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देणे. श्वास नियंत्रित करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणत्याही नामाची जोड द्यायची नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील प्रत्येक संवेदना पाहायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचा संकल्प करायचा. याला 'अधिष्ठान' म्हणतात.

या तासाभरात माणसाला जे कळते ते शंभर प्रवचनांतून कळणार नाही. गुडघ्यात कळ येते, मन म्हणते पाय सोड. पाय सोडला नाही तर मन कोणावर तरी रागावते. शेजाऱ्याच्या खोकल्यावर, आचार्यांवर, स्वतःवर. काही वेळाने कळ आपोआप ओसरते आणि लक्षात येते की, त्रास कळेने जितका दिला त्याहून अधिक तिच्यावरच्या चिडीने दिला. आपल्या सार्वजनिक जीवनातील किती भांडणे या एका नियमात बसतात, याचा विचार तेथे बसल्या बसल्याच सुरू होतो.

व्यापारी आणि अकाउंटंट जनरल

ही साधना आपल्याकडे आली ती ब्रह्मदेशातून. तेथील शतकानुशतकांच्या गुरुपरंपरेने ती जपली होती. लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंनी ती गृहस्थांसाठी खुली केली. त्यांच्यापासून ती सया थेटजी या शेतकऱ्याकडे आणि त्यांच्याकडून सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे आली. ऊ बा खिन हे १९४८ साली स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. दिवसभर सरकारी हिशेब तपासणारा हा गृहस्थ आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवीत असे. १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र स्थापन केले.

त्यांच्याकडे १९५५ साली एक तरुण मारवाडी उद्योजक आला. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेला, सनातनी संस्कारांत वाढलेला, तेथील हिंदू समाजाचा एक अग्रणी. नाव सत्यनारायण गोयंका. तीव्र डोकेदुखीने ते त्रस्त होते आणि वेदना थांबवण्यासाठी मॉर्फिन घ्यावे लागत असे. डोकेदुखी बरी करण्यासाठी आलो आहे, असे सांगताच ऊ बा खिन यांनी त्यांना नकार दिला. शारीरिक व्याधीसाठी ही विद्या वापरणे म्हणजे तिचे अवमूल्यन, असे त्यांचे म्हणणे होते. चित्तशुद्धीसाठी येणार असाल तर या. व्याधी गेली तर तो आनुषंगिक लाभ. आज ध्यानाच्या जाहिरातींत रक्तदाब, निद्रानाश आणि कार्यक्षमता यांचीच भाषा ऐकू येते, तेव्हा एका सरकारी अधिकाऱ्याने दिलेला हा नकार आठवावा.

गोयंका यांच्या मनात दुसरीही शंका होती. आपण हिंदू, हे आपल्याला बौद्ध तर करणार नाहीत ना? गुरूंनी त्यांना सांगितले की, येथे शील, समाधी आणि प्रज्ञा एवढेच शिकवले जाते. सदाचार, चित्ताची एकाग्रता आणि शहाणपण यांना कोणत्या हिंदूची हरकत असेल? या उत्तरावर ते बसले आणि पुढची चौदा वर्षे गुरूंच्या सान्निध्यात राहिले. १९६२च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशातील उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात त्यांचेही उद्योग गेले. जून १९६९मध्ये ते भारतात आले आणि ३ जुलैपासून मुंबईत त्यांनी पहिले शिबीर घेतले. त्या शिबिरात त्यांचे आई-वडीलही होते. भारतातून गेलेली विद्या भारताला परत करणे हे गुरूंचे ऋण आहे, अशी त्यांची भावना होती. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला येथे धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. गोव्यातील हा तरुण बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ अशी वणवण करीत सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत पोहोचला, आणि तेथे जे मिळाले ते त्याने मराठीत आणले. बुद्धाच्या भूमीतील माणसाला बुद्धवचन शोधण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही आपल्या इतिहासातील एक मोठी उणीव आहे. आक्रमकांनी नालंदा जाळली हे सत्य आहे. परंतु जी विद्या समाजाच्या घराघरांत जिवंत असते, ती विहार जळाल्याने नष्ट होत नाही. आपण ती आधीच हातातून सोडली होती काय, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. ब्रह्मदेशाने ती जपली, याबद्दल त्या लहानशा शेजाऱ्याचे आपण कृतज्ञ असले पाहिजे.

'आपलेच' म्हणण्याआधी

आपल्या कार्यकर्त्यांमध्ये विपश्यनेविषयी दोन टोकांच्या प्रतिक्रिया आढळतात. काहींना तेथील नियम खटकतात. दहा दिवस जप, पूजा, स्तोत्रपठण, व्रत सारे बाजूला ठेवावे लागते. माळ, ताईतही जमा करावा लागतो. हा आपल्या श्रद्धेवरचा आघात नव्हे काय, असे विचारले जाते. याचे उत्तर साधे आहे. वैद्याने दिलेले औषध घेताना आपण दुसरे औषध काही दिवस थांबवतो. त्याचा अर्थ दुसरे औषध वाईट असा होत नाही. अकराव्या दिवशी साधक आपल्या देवघरात परत जाण्यास मोकळा असतो. ज्याची श्रद्धा दहा दिवसांच्या मौनाने डळमळते, त्याने मौनाला दोष देण्याआधी श्रद्धेची मुळे तपासावीत.

दुसरी प्रतिक्रिया याच्या उलट आणि अधिक प्रचलित आहे. 'बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार; म्हणजे हे सारे आपलेच.' हे वाक्य आपण आत्मीयतेने उच्चारतो. पण ऐकणाऱ्याला ते कसे ऐकू येते? सारनाथ येथे ११ नोव्हेंबर १९९९ रोजी कांची कामकोटी पीठाचे शंकराचार्य जयेंद्र सरस्वती आणि गोयंका यांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणाऱ्या जुन्या लिखाणामुळे शेजारी देशांत दुःख झाले आहे. जे झाले ते विसरावे आणि अशा समजुतींचा प्रसार यापुढे करू नये. वैदिक आणि श्रमण या दोन्ही भारताच्या प्राचीन परंपरा असून दोघींना समान आदर मिळावा. एक दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरवण्याच्या प्रयत्नातून केवळ द्वेष वाढेल, असा त्याचा आशय होता. मनुष्य सत्कर्माने उच्च होतो आणि दुष्कर्माने नीच, हेही त्यात स्पष्टपणे नमूद होते.

एका पीठाच्या शंकराचार्यांनी अशा निवेदनात सहभागी व्हावे, ही लहान गोष्ट नव्हती. दुर्दैवाने तिची म्हणावी तशी चर्चा आपल्याकडे झाली नाही. सामावून घेणे ही हिंदू समाजाची प्रकृती आहे. परंतु सामावून घेणे आणि गिळून टाकणे यांत अंतर आहे. भाऊ वेगळा राहत असेल तर त्याच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावून नाते सिद्ध होत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या पंगतीत बसून ते सिद्ध होते. एकात्मता स्तोत्रात बुद्धाचे नाव आपण आदराने घेतो, डॉ. बाबासाहेबांचेही घेतो. ज्यांचे नाव पहाटे घ्यायचे, त्यांचे म्हणणे दिवसभर ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

आडनाव नसलेली पंगत

नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर हा विषय केवळ तत्त्वज्ञानाचा राहत नाही. २ मार्च १९३० रोजी याच जिल्ह्यात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. रामाचे दार रामाच्याच लेकरांसाठी उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. डिसेंबर १९५४मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या टेकडीवर, रंगूनहून आलेला एक सनातनी घरातील व्यापारी बुद्धाची साधना शिकवू लागला आणि तिथल्या धम्मकक्षात सर्व जातींची माणसे खांद्याला खांदा लावून बसू लागली.

त्या नऊ दिवसांत कोणाचेही आडनाव कोणालाही ठाऊक नसते. पुढे बसलेला निवृत्त अधिकारी आहे की फेरीवाला, हे कळायला मार्ग नाही. रांगेत ताट घ्यायचे, शेजारी बसून खायचे, आपले ताट आपणच घासायचे. शेजाऱ्याचा श्वास, त्याची अस्वस्थता, मध्येच त्याचे डोळे पुसणे एवढाच त्याचा परिचय असतो, आणि तो पुरेसा असतो.

मग दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर मौन सुटते. माणसे बोलू लागतात, हसू लागतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. आणि मग तो प्रश्न येतो. 'आपले नाव?' नाव सांगितले की, 'पूर्ण नाव?' आडनाव कळले की, 'मूळ गाव कोणते?' हे तीन प्रश्न आपल्या समाजात काय शोधण्यासाठी विचारले जातात, हे सांगण्याची गरज नाही. नऊ दिवस ज्याच्या श्वासाशी आपला श्वास मिळाला, त्याला कोणत्या कप्प्यात ठेवायचे ते अर्ध्या मिनिटात ठरते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, बहुधा नसतोच. पण विपश्यनेच्याच भाषेत सांगायचे तर, हा खोलवर रुजलेला संस्कार आहे. तो मौनात दबून राहतो आणि शब्द मिळताच वर येतो.

१९७४ साली पुण्यातील वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला. १९८३ साली सामाजिक समरसता मंच स्थापन झाला. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनातही समरसतेला स्थान आहे. शाखेवर आपण आडनाव विचारत नाही, याचा रास्त अभिमान स्वयंसेवकाला आहे. प्रश्न शाखा सुटल्यानंतरच्या तेवीस तासांचा आहे. घर भाड्याने देण्याचा, मुलीचे स्थळ पाहण्याचा, स्वयंपाकघरात कोणाला येऊ द्यायचे याचा आहे. शाखेतून परतणाऱ्याला आणि धम्मगिरीवरून उतरणाऱ्याला एकाच कसोटीवर उतरावे लागते.

दक्षिणा आणि दर

आणखी एक साम्य कार्यकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. या शिबिरांसाठी शुल्क नाही. निवासाचे नाही, भोजनाचे नाही, शिकवण्याचे नाही. आचार्य मानधन घेत नाहीत, भात वाढणारे धम्मसेवकही विनावेतन असतात. सारा खर्च पूर्वी शिबीर केलेल्या साधकांच्या दानातून चालतो. ज्याने लाभ घेतला नाही त्याचे दान स्वीकारले जात नाही. गुरुदक्षिणेच्या पद्धतीने वाढलेल्या संघटनेला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. ज्याने पैसे मोजले तो ग्राहक होतो आणि ग्राहकाला तक्रारीचा अधिकार असतो. ज्याला कोणा अज्ञाताने जेवू घातले, त्याच्या मनात ऋण उरते. आणि ऋण उरले तरच माणूस पुढच्यासाठी काही करतो.

एकांतातून लोकांतात

येथे एका धोक्याचाही उल्लेख केला पाहिजे. शिबिराला जाऊन आलेले काही कार्यकर्ते हळूहळू कामातून निवृत्त होतात. बैठका म्हणजे कोलाहल, जनसंपर्क म्हणजे चित्ताचा विक्षेप, असे त्यांना वाटू लागते. एकांताची गोडी लागली की लोकांत नकोसा होतो. ही साधनेची प्रगती नव्हे, तिचा अर्ध्या वाटेवरचा मुक्काम आहे. आपल्या परंपरेने एकांताला नेहमीच मान दिला, पण तेथे वस्तीचे घर बांधू दिले नाही. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप केले आणि मग देशभर भ्रमंती करून मठांची उभारणी केली. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले आणि कीर्तनासाठी गावात परतले. स्वामी विवेकानंद डिसेंबर १८९२मध्ये कन्याकुमारीच्या शिळेवर ध्यानस्थ झाले, ते तेथून उठून दरिद्रीनारायणाकडे वळण्यासाठीच. त्याच शिळेवर २ सप्टेंबर १९७० रोजी उद्घाटन झालेल्या स्मारकात एकनाथजी रानडे यांनी ध्यानमंडप ठेवला. पण तेवढ्यावर न थांबता ७ जानेवारी १९७२ रोजी सेवाव्रती घडवणारे विवेकानंद केंद्र सुरू केले.

श्रीगुरुजींचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. १९३६ साली ते सारे सोडून बंगालमधील सारगाछीला स्वामी अखंडानंदांच्या आश्रमात गेले. अखंडानंद हे विवेकानंदांचे गुरुबंधू. पण हिमालयात भ्रमण केलेला हा संन्यासी १८९७च्या दुष्काळात मुर्शिदाबादच्या भुकेल्यांसाठी थांबला आणि तेथेच अनाथांना सांभाळत राहिला. त्यांची सेवा करून, दीक्षा घेऊन, फेब्रुवारी १९३७मध्ये त्यांच्या महासमाधीनंतर श्रीगुरुजी नागपूरला परतले आणि १९४० साली सरसंघचालक झाले. सारगाछी नसती तर त्यांच्या पुढच्या तेहतीस वर्षांच्या अखंड प्रवासामागील निश्चलता कोठून आली असती? आणि ते परतले नसते तर त्या निश्चलतेचा समाजाला काय उपयोग झाला असता?

म्हणूनच उलट बाजूचा धोकाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. जो कार्यकर्ता कधीच थांबत नाही, रोज एका कार्यक्रमातून दुसऱ्यात धावतो, त्याच्या वाणीत काही वर्षांनी कडवटपणा येतो. सहकाऱ्याचे यश त्याला खुपते, टीका सहन होत नाही, घरच्यांवर तो खेकसतो. अशा कार्यकर्त्याला दहा दिवसांचे मौन हा विलास नसून गरज असते. मात्र गंभीर मानसिक विकाराने त्रस्त असलेल्यांसाठी ही शिबिरे नाहीत, हे केंद्रेही सांगतात. अशांना आधी वैद्याकडेच नेले पाहिजे. घरातील दुखणे ध्यानाच्या आड लपवू नये.

१९९४ साली तिहार कारागृहात हजारांहून अधिक बंद्यांसाठी शिबीर झाले, त्याची जगभर चर्चा झाली. त्या बंद्यांना अकराव्या दिवशी परत जायचे होते ते आपल्या बराकीतच. तीच भिंत, तेच सोबती. बदलायचे होते ते स्वतःलाच. आपली स्थिती फारशी वेगळी नाही. घंटेने जागे होणे, मौन पाळणे, मांडी न हलवता बसणे हे दहा दिवसांत कोणालाही जमते, कारण तेथे सारी व्यवस्था आपल्याला सांभाळत असते. अकराव्या दिवशी टेकडी उतरून कसाऱ्याची गाडी पकडली की व्यवस्था मागे राहते. शेजारच्या आसनावरील माणसाने आपल्याशेजारीच जागा धरलेली असते. त्याचे आडनाव आता आपल्याला ठाऊक असते. त्याला घरी जेवायला बोलावतो की नाही, यावर त्या दहा दिवसांचा हिशेब व्हावा.